जकातघरातील रसायने : आयातीच्या नियमांचा एक इतिहास

हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावर लिहिताना जकातीच्या दरांची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. १८८२ साली बहुतेक आयात-जकाती उठल्या, १८९४ साली शेकडा ५ या सर्वसाधारण दराने त्या पुन्हा बसल्या, लँकेशायरच्या कापडावरून वाद झाला आणि १९२२ नंतर विवेचक संरक्षणाचे धोरण आले, हा सर्व इतिहास परिचयाचा आहे. त्या मानाने, ज्या कागदावर ही जकात प्रत्यक्ष आकारली जाई त्या कागदाचा इतिहास उपेक्षित राहिला. आयातदाराने जकातघरात दाखल करावयाचे ते निवेदन, व्यवहारात ज्याला ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणतात, त्याने आयातदाराला कोणते प्रश्न विचारले आणि कोणते विचारले नाहीत, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी रसायने हा माल मुद्दाम निवडला आहे. कापडाचा तागा किंवा लोखंडी सळई पाहताच ओळखते. पांढरी भुकटी ओळखत नाही. ती टाकणखार आहे, तुरटी आहे की सोमल आहे, हे पेटीवरील नाव सांगेल तेवढेच. त्यामुळे रसायनाच्या बाबतीत कागदावरील प्रश्नाला जे महत्त्व येते ते इतर मालाच्या बाबतीत क्वचितच येते.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे १८७८ चा सागरी जकातीचा कायदा होय. पुढे १९६२ साली नवा कस्टम्स ॲक्ट येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे, मुंबई, कलकत्ता, मद्रास व कराची येथील जकातघरांचा कारभार त्याच्याच आधाराने चालला. या कायद्याचे सारे लक्ष मालाच्या किमतीकडे होते. आयातदाराने मालाची ‘खरी किंमत’ सांगावी आणि ती सत्य असल्याचे सही करून प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे, असा त्यातील दंडक होता. आणि ‘खरी किंमत’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने बारकाईने केली होती. त्याच प्रकारचा माल आयातीच्या वेळी व ठिकाणी घाऊक रोखीने ज्या किमतीला विकला जाईल, ती किंमत, व्यापारी सूट वजा जाता, खरी मानावयाची. खोटे निवेदन करणाऱ्याला कोणत्या अपराधाबद्दल काय दंड, याचा एक लांबलचक तक्ताच कायद्याला जोडलेला होता. मनाई केलेल्या मालाची यादीही होती. तीत खोटी नाणी होती, अश्लील पुस्तके व चित्रे होती, खोट्या व्यापारचिन्हांचा माल होता, विष नव्हते. अमुक माल आणू नये असे अधिसूचनेने ठरविण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरलला एका स्वतंत्र कलमाने दिलेला होता, आणि पुढच्या काळातील पुष्कळ गोष्टी त्या एका कलमाच्या दारातून आत आल्या. पण मूळ कायद्याची दृष्टी सावकाराची होती, वैद्याची नव्हती.

जकातीच्या अनुसूचीतील नावे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. काही पदार्थांच्या किमती सरकारनेच ठरवून अनुसूचीत छापलेल्या असत, म्हणजे प्रत्येक पेटीमागे किमतीचा वाद नको. अशा यादीत ‘आर्सेनिक’ या शब्दाच्या बरोबरीने ‘चायना मनसिल’ हे बाजारी नाव सापडते. मनसिल म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानातील मनशीळ, गंधक व सोमल यांचा संयोग. सरकारी कागदावर हे नाव आले ते रसायनशास्त्राच्या आग्रहाने नव्हे, तर बंदरावरील दलाल त्याच नावाने सौदा करीत म्हणून. एका हंड्रेडवेटला किती रुपये, एवढेच त्या ओळीत नमूद आहे. ज्या पदार्थाच्या चिमूटभर वजनाने माणूस मरतो त्याची हंड्रेडवेटवर मोजदाद करणारा हा कागद, एका अर्थाने, त्या काळच्या राज्यकारभाराचे अतिशय प्रामाणिक चित्र आहे.

जकातघरात रसायनशास्त्र मुळीच नव्हते, असे मात्र समजू नये. होते, पण ते महसुलाच्या चाकरीत होते. मद्यार्कावरील जकात ‘लंडन प्रूफ’च्या मापाने घेतली जात असल्यामुळे साइक्सचा द्रवघनतामापक जकातघरात अपरिहार्य होता. पिण्याजोग्या मद्यार्कावर जबर जकात आणि पिण्यास अयोग्य केलेल्या मद्यार्कावर हलकी, असा भेद असल्याने आलेला मद्यार्क खरोखरच बिघडविलेला आहे काय, हे तपासावे लागे. पुढे १९३४ च्या टॅरिफ ॲक्टने अनुसूचीची नवी मांडणी केली. तेव्हा २८ क्रमांकाच्या बाबीत ‘अन्यत्र न नमूद केलेली सर्व प्रकारची रसायने, औषधिद्रव्ये व औषधे’ एकत्र आली आणि कोठेच न बसणाऱ्या सर्व मालासाठी ८७ क्रमांकाची बाब राहिली. माल २८ मध्ये की ८७ मध्ये, की रंगाच्या बाबीत, यावर आयातदार व अधिकारी यांच्यात वाद होत आणि नमुना प्रयोगशाळेत जाई. या पदार्थाचे नाव काय, हा प्रश्न येथे विचारला जाई खरा. पण तो विचारण्याचे कारण दर होता.

या पद्धतीला पहिला छेद दिला तो घासलेटाने. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेचे व बाकूचे तेल टिनांतून व पुढे टाकीजहाजांतून येऊ लागले. हलक्या प्रतीच्या तेलाला उष्ण हवेत आग लागण्याचा धोका फार. १८८१, १८८६ व १८९९ असे तीन पेट्रोलियम कायदे याच चिंतेतून झाले. इंग्रज रसायनज्ञ फ्रेडरिक ॲबेल याने तयार केलेल्या बंद भांड्याच्या उपकरणात तेल तापवावयाचे आणि कोणत्या अंशावर त्याची वाफ ज्योतीने क्षणभर भडकते ते पाहावयाचे, ही कसोटी कायद्यातच घालण्यात आली. १८८६ च्या कायद्याने ७६ अंश फॅरनहाइटच्या खाली भडकणाऱ्या तेलाला ‘धोकादायक पेट्रोलियम’ ठरविले. मुंबईच्या वैशाखातील दुपारचे तपमान ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जहाजाच्या कप्तानाने आपल्या जहाजावर कोणते तेल किती आहे हे बंदरात शिरतानाच सांगावे, ठरलेल्या बंदरांतच ते उतरवावे, नमुने घेऊन ते तपासावेत, अशी व्यवस्था नियमांनी केली. किंमत किती, या प्रश्नाच्या आधी ‘हे पेटते कधी?’ हा प्रश्न विचारला गेला. पुढे १९३७ साली कॅल्शियम कार्बाइडसाठी स्वतंत्र नियम झाले, तेही याच वंशातील. कार्बाइडला पाणी लागले की ज्वालाग्राही वायू निघतो, हे त्यांचे कारण. धोका विचारणारा हा कायदा जकातीच्या कायद्याच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या पोटात शिरला नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. दोघांचे अधिकारी वेगळे आणि कागदही वेगळे.

विषांच्या बाबतीत सरकारची पावले त्याहून मंद पडली. मुंबई इलाख्यात विषारी द्रव्यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८६६ सालीच झाला होता. तो बाजारापुरता होता, बंदरापुरता नव्हता. सबंध हिंदुस्थानासाठी विषांचा कायदा १९०४ साली झाला आणि १९१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. ठरविलेली विषे परवान्यावाचून देशात आणू नयेत, असे अधिसूचनेने फर्माविण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. त्यातील आणखी एक कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. ज्या भागात खुनासाठी किंवा गुरांना विष घालून नुकसान करण्यासाठी विषाचा वापर वारंवार होतो असे दिसेल, तेथे विष जवळ बाळगण्यावरही निर्बंध घालता येईल, असे ते सांगते. चामड्याच्या लोभाने गुरांना सोमल घालण्याचे प्रकार त्या काळच्या सरकारी अहवालांत पुन:पुन्हा येतात. कलमामागे ते अहवाल आहेत. म्हणजे सोमलाचा धोका सरकारला माहीत नव्हता असे नव्हे. मुंबईच्या केमिकल ॲनलायझरकडे मृतांचा व्हिसेरा तपासणीस जात होता आणि त्याच शहरातील जकातघरात सोमलाच्या पेट्यांवर जकात घेतली जात होती. दोन्ही कामे एकाच सरकारची. पण एका कचेरीचे ज्ञान दुसऱ्या कचेरीच्या कागदावर उमटत नसे.

पहिल्या महायुद्धाने तिसराच प्रश्न पुढे आणला. जर्मनीतून येणारे रंग व रसायने बंद पडताच गिरण्यांची अडचण झाली, आणि असा माल येथे का होत नाही, ही विचारणा सुरू झाली. ब्रिटनने १९२० साली कायदाच करून परदेशी रंगांची आयात परवान्यावाचून बंद केली. हिंदुस्थानला तो मार्ग मोकळा नव्हता. येथे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली फिस्कल कमिशन बसले, १९२३ साली टॅरिफ बोर्ड आले, आणि एकेक उद्योग आपली कैफियत घेऊन त्याच्यापुढे उभा राहू लागला. जड रसायनांच्या उद्योगाची पाळी दशकाच्या अखेरीस आली. अंबरनाथ येथे १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीसारखे गंधकाम्लाचे कारखाने या प्रांतात उभे होते. गंधकाम्ल काचेच्या बुधल्यांतून, डेकवर ठेवून आणावे लागे, त्यामुळे त्याला समुद्राचेच संरक्षण होते. परंतु गंधकाम्लापासून होणाऱ्या क्षारांना ते नव्हते, आणि गंधक तर परदेशातूनच आणावे लागे. १९३१ च्या जड रसायन-उद्योग संरक्षण कायद्याने जकाती वाढविल्या. अवघ्या दीड वर्षात, १९३३ च्या मार्चअखेर, सरकारने ते संरक्षण संपू दिले. त्यातून मॅग्नेशियम क्लोराइड तेवढे वगळले. खाराघोड्याच्या मिठागरांतील मीठ काढून उरलेल्या पाण्यापासून हे द्रव्य तयार होई आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत ताण्याला खळ देताना सूत ओलसर राहावे म्हणून ते वापरीत. गिरणीवाल्यांना ते स्वस्त हवे होते, खाराघोड्याला भाव हवा होता, आणि जर्मन माल दोघांच्या मध्ये होता. उद्योगाला संरक्षणाची दीर्घ मुदत हवी असते. दीड वर्षाच्या आश्वासनावर कोणी शिसपत्र्याच्या खोल्या बांधीत नाही. या प्रकरणी सरकारने दाखविलेली घाई माझ्या मते असमर्थनीय होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे फलित इतकेच की जकातीच्या कागदावर किमतीच्या जोडीला ‘हे येथे होते काय?’ हा प्रश्न कायमचा येऊन बसला.

औषधांच्या बाबतीत मात्र जकातघर व प्रयोगशाळा यांची गाठ प्रथमच नीट घातली गेली. निकृष्ट व भेसळीच्या औषधांविषयी, विशेषतः क्विनाइनविषयी, तक्रारी वाढल्या तेव्हा १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर नऊ वर्षांनी, १९४० साली, औषधांचा कायदा झाला. त्याच्या आयातीच्या प्रकरणात एक साधी पण दूरगामी तरतूद आहे. संशय आल्यास जकातीच्या अधिकाऱ्याने पेटी अडकवून ठेवावी, तसे ड्रग्ज कंट्रोलरला ताबडतोब कळवावे आणि जरूर तर नमुना कलकत्त्याच्या केंद्रीय औषध-प्रयोगशाळेकडे पाठवावा. माल सडू नये म्हणून, परवानगीवाचून विल्हेवाट लावणार नाही अशी लेखी हमी घेऊन तो आयातदाराच्या ताब्यात देण्याची सोयही नियमांत होती. जकात भरली म्हणजे माल सुटला, हा आजवरचा न्याय येथे मोडला. जकात भरूनही माल अडू शकतो, आणि तो का अडला याचे उत्तर जकातीचा अधिकारी नव्हे तर रसायनज्ञ देतो. इतर रसायनांना ही व्यवस्था लागू करण्याचे मात्र त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही.

त्याच वर्षी, १९४० च्या मे महिन्यात, युद्धाच्या निमित्ताने ६८ प्रकारच्या मालावर आयात-नियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने ते शांततेच्या काळातही टिकले आणि १९९२ पर्यंत त्या कायद्याचा अंमल राहिला. त्या कारकिर्दीविषयी अर्थशास्त्रज्ञांनी पुरेसे लिहिले आहे. परवाना आहे काय, परकीय चलन कोणत्या खात्यातून, प्रत्यक्ष वापरणारा कोण, असे नवे प्रश्न कागदावर वाढले. बंदरावरील कागदांची जाडी वाढली. पदार्थाविषयीचे ज्ञान त्या प्रमाणात वाढले नाही.

परवान्यांच्या या राज्यातच १९५८ सालची दुर्घटना घडली. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात व लगतच्या मद्रास राज्यात माणसे अन्न खाऊन अकस्मात आजारी पडू लागली. उलट्या, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसली आणि शंभराहून अधिक लोक दगावले. तपासाअंती कारण सापडले ते गव्हाच्या पिठात व साखरेत मिसळलेले पॅराथिऑन हे कीटकनाशक. मुंबईहून कोचीनकडे गेलेल्या एका मालवाहू जहाजात पिठाच्या पोत्यांबरोबरच कीटकनाशकाचा माल भरला होता. डबे गळले आणि विष पोत्यांत झिरपले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचे आयोग बसविण्यात आले.

हे प्रकरण जकातघराच्या इतिहासात आणण्याचे कारण असे. त्या वेळी पॅराथिऑनसारखे द्रव्य परदेशातून आणावयाचे झाल्यास आयातदाराला काय दाखवावे लागे? किंमत, वर्गीकरण आणि परवाना. हा पदार्थ किती ग्रेनांत माणूस मारतो, कोणत्या भांड्यात भरावा, कशाशेजारी ठेवू नये, डब्यावर कोणती खूण असावी, हे विचारणारा सर्वदेशीय कायदाच नव्हता. देशात शिरताना जे विचारले गेले नाही ते पुढच्या किनारी प्रवासात भरणारा हमाल किंवा कप्तान आपण होऊन विचारील, ही अपेक्षा करणे व्यर्थ होते. पॅराथिऑन हे युद्धोत्तर काळातील नवे द्रव्य. सोमलाला निदान लोकांच्या तोंडी शतकानुशतकांचे नाव व भय होते; पंसाऱ्याच्या पोरालाही ते ठाऊक. या नव्या द्रव्याला व्यापारी नावापलीकडे आपल्या भाषेत काहीच नव्हते. चौदाच वर्षांपूर्वी, १४ एप्रिल १९४४ रोजी, याच मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला होता. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गासड्याही. ते युद्धसामग्रीचे प्रकरण असल्याने त्याला नेहमीचे नियम लावणे योग्य नाही. तरी काय कशाशेजारी ठेवले, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच.

शहा आयोगाच्या शिफारशींना कायद्याचे रूप येण्यास दहा वर्षे लागली आणि अंमलास आणखी तीन. १९६८ च्या कीटकनाशकांच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कीटकनाशकाच्या आयातीस मनाई केली. नोंदणीसाठी द्रव्य परिणामकारक आहे काय आणि माणसास व जनावरास निर्धोक आहे काय, हे समितीपुढे सिद्ध करावे लागे. १९७१ च्या नियमांनी आयातीची ठिकाणे ठरवून दिली, आवेष्टनावरील खुणा ठरविल्या, आणि वाहतुकीत अन्नपदार्थांपासून अंतर राखण्याची सक्ती केली. पिठाची पोती आणि विषाचे डबे यांच्यातील ते अंतर कायद्यात यावयास शंभर माणसांचे प्राण खर्ची पडले.

आणि हा कायदाही एका वर्गापुरताच होता. कीटकनाशक तयार करण्यासाठी लागणारी मधली रसायने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन १९८० साली सुरू झाले. त्यापूर्वी ते अमेरिकेतून पोलादी पिंपांत भरून येत असे. पिंपे आली, जकात भरली गेली, माल सुटला. ते द्रव्य काय करू शकते हे देशाला २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री कळले. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण-संरक्षण कायदा आणि त्याखाली नोव्हेंबर १९८९ चे घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम आले. त्यांतील अठराव्या नियमात, नंतरच्या दुरुस्त्यांसह, असे म्हटले आहे की आयातदाराने शक्य तर ३० दिवस आधी, आणि उशिरात उशिरा आयातीच्या दिवशी, संबंधित अधिकाऱ्यास माल घेणाराचे नाव व पत्ता, उतरण्याचे बंदर, निर्यात करणाऱ्या देशातून येथवर आणण्याचे साधन, परिमाण आणि सुरक्षिततेविषयीची संपूर्ण माहिती कळवावी. अधिकाऱ्यास योग्य वाटल्यास त्याने आयात थांबवावी, आणि माल सुरक्षितपणे हाताळण्यासाठी बंदराच्या अधिकाऱ्यांनाही सूचना द्यावी. १८७८ च्या कागदाने जे जे विचारले नव्हते ते जवळजवळ सर्व येथे विचारलेले आहे. फक्त ते विचारणारा कागद दुसरा आहे.

दरम्यान जकातीची अनुसूची दोनदा पालटली. १९७६ साली ब्रुसेल्सच्या नामावलीवर आधारलेली अनुसूची अमलात आली आणि १९८६ साली आंतरराष्ट्रीय सुसंवादी पद्धती स्वीकारली गेली. आता अठ्ठाविसाव्या प्रकरणात असेंद्रिय व एकोणतिसाव्यात सेंद्रिय रसायने मोडतात. जुन्या २८ क्रमांकाच्या बाबीशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने. २०११ पासून वर्गीकरण व मूल्यांकन आयातदाराने स्वतःच करावे आणि संगणकाने निवडलेल्या पेट्या तेवढ्या अधिकाऱ्याने उघडाव्यात, अशी पद्धत आहे. व्यापाराच्या सोयीसाठी तिचे समर्थन होऊ शकते. मात्र पांढऱ्या भुकटीचे नाव सांगण्याचा अधिकार पुन्हा ती आणणाऱ्याकडेच आला आहे.

अमोनियम नायट्रेट हे खतही आहे व स्फोटकाचे द्रव्यही. २०११ साली ते स्फोटकांच्या कायद्याखाली आले आणि २०१२ साली त्याचे स्वतंत्र नियम झाले. २०१५ साली चेन्नईच्या जकातघराने अशा नायट्रेटचे ३७ कंटेनर जप्त केले. वाद परवान्याचा व मालाच्या प्रतीचा होता. कायद्याच्या दृष्टीने जप्ती योग्यच होती. खटला चालू राहिला आणि सुमारे ७०० टन नायट्रेट मनळी येथील कंटेनर-आगारात, जकातघराच्याच ताब्यात, पाच वर्षे पडून राहिले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात तशाच जप्त मालाचा स्फोट झाला, तेव्हा चेन्नईतील पेट्यांची आठवण झाली. काही दिवसांतच लिलाव होऊन ते कंटेनर हैदराबादकडे रवाना झाले. पुढच्या वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन जप्त नायट्रेटचा त्वरित लिलाव करण्याची आणि बंदरात उतरलेला माल बंदराच्या हद्दीपासून ५०० मीटर दूरच्या कोठारात हलविण्याची तरतूद करण्यात आली.